संगणक शिक्षणावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत नेमकी कोणती माणसे लागतात?

हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांच्या विभागाला विद्यापीठाच्या साहाय्याने ‘संगणक शिक्षण संशोधन प्रयोगशाळा’ सुरू करायची आहे, प्रस्तावात पंचवीस संगणक, एक सर्व्हर आणि एक प्रोजेक्टर मांडून झाले आहेत, पण ‘मनुष्यबळ’ या रकान्यात काय लिहावे हे उमगत नाही. जगातील अशा प्रयोगशाळांमागे कोणती माणसे असतात आणि आपल्या भागात ती कोठून आणावीत? या क्षेत्रात मी वीस वर्षांहून अधिक काळ, आधी शिक्षिका म्हणून आणि नंतर संशोधक म्हणून वावरले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते. ते थोडे लांबेल.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात ‘लॅब’ म्हटले की ओळीने मांडलेले संगणक, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला, भिंतीवर चिकटवलेले बॅचचे वेळापत्रक आणि किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे मामा डोळ्यांसमोर येतात. मुले प्रोग्रॅमिंग कशी शिकतात, कोठे अडतात आणि शिकवण्यात काय बदलले असता ती अडचण सुटते, हे पुराव्यानिशी शोधणारी पाच-दहा माणसे, त्यांची दर आठवड्याची बैठक आणि त्यांनी जपून ठेवलेल्या नोंदी, एवढे मिळून या विषयातली प्रयोगशाळा होते. आपल्या पंचवीस संगणकांपैकी वीस वगळले तरी तिचे काम अडणार नाही. मुलाचे बोलणे नीट ऐकून घेणारे एक माणूस वगळले, तर पहिल्याच सत्रात अडेल.

ही माणसे एका विषयातली नसतात, आणि हे आजचे नाही. मुलांसाठी तयार झालेली लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९६७ मध्ये अमेरिकेत आकाराला आली, तेव्हा तिच्यामागे वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट ही माणसे होती. त्यांपैकी पॅपर्ट मूळचे गणितज्ञ, आणि त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्राचे अभ्यासक झाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काही वर्षे काम केले होते. मुलाच्या विचाराकडे कुतूहलाने पाहण्याची सवय त्यांना तेथे लागली आणि ती लोगोत उतरली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करण्याची सोय झाली, तीही अशाच संगमातून: श्रीधर अय्यर संगणकशास्त्रातले, तर सहाना मूर्ती भौतिकशास्त्राच्या अध्यापनावरील संशोधनाकडून आलेल्या. म्हणून आपल्या गटात सगळेच संगणकाचे असतील, तर प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्रातील एखादी व्यक्ती शोधावी. बी.एड. महाविद्यालय बहुधा त्याच गावात असते, आणि दोन्ही इमारतींमधील माणसांनी एकमेकांच्या दारात कधी पाऊल टाकलेले नसते.

प्रमुख संशोधकाविषयी फार लिहीत नाही, कारण तो प्रस्तावात आपोआप येतोच. त्याने एकच गुण आणावा: आपल्या वर्गापलीकडे पाहण्याची तयारी. २००१ मध्ये मायकेल मॅक्‌क्रॅकन यांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास या विषयात आजही पायाभूत मानला जातो. चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम आटोपल्यावर जे यायलाच हवे असे शिक्षकांना वाटत होते, ते प्रश्न देण्यात आले. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. एकाच महाविद्यालयातून हा आकडा आला असता तर ‘तिथली मुलेच कच्ची’ किंवा ‘तिथले शिकवणेच वाईट’ म्हणून विषय संपला असता. वेगवेगळ्या ठिकाणची माणसे एकत्र बसल्यामुळे दोष कोणा एकाच्या दारात टाकता आला नाही, आणि मग खरे प्रश्न सुरू झाले. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर यांच्या गटाने एक पायरी खाली उतरून पाहिले, तेव्हा पुष्कळ मुलांना लिहिणे दूरच, समोर लिहिलेला छोटा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून त्याचे उत्तर काय येईल हेही सांगता येत नव्हते. हिंगोलीच्या एका महाविद्यालयाने वसमत, परभणी आणि नांदेडच्या प्रत्येकी एका महाविद्यालयाला सोबत घेतले, तर असा अभ्यास आपल्याकडेही उभा राहू शकतो, आणि त्यासाठी सर्व्हर लागत नाही.

आता ज्याच्यावाचून काहीच होत नाही त्या माणसाकडे वळते. त्याला पदनाम ‘संशोधन सहायक’ असे द्यावे लागते. काम आहे विद्यार्थ्याशेजारी बसणे, त्याला मोठ्याने विचार करायला लावणे आणि स्वतः गप्प राहणे. हे ऐकायला सोपे वाटते. एकदा किनवटकडून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला, गणितात हुशार असा प्रथम वर्षाचा विद्यार्थी ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ या ओळीपाशी अडला. सोबत बसलेल्या आमच्या सहायक मुलीने विचारले, काय झाले? तो म्हणाला, “मॅडम, दोन्हीकडून एक्स काढला तर शून्य बरोबर एक येतंय. हे चूकच छापलंय.” त्याचे गणित निर्दोष होते. शाळेत बारा वर्षे ज्या चिन्हाला तो ‘बरोबर’ म्हणत आला, ते चिन्ह येथे ‘उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव’ असा हुकूम देते, हे त्याला कोणीच स्पष्ट सांगितले नव्हते. पुस्तकात केवळ ‘एक्सची किंमत एकने वाढते’ असे लिहिले होते. अशा क्षणी शिक्षकाची जीभ शिवशिवते. त्या मुलीने मात्र समजावून सांगितले नाही; तिने विचारले, “मग ही ओळ आल्यावर संगणक आत काय करत असेल?” त्यानंतर तो दहा मिनिटे बोलत राहिला, आणि त्याच्या मनातले यंत्र कसे चालते याचा पूर्ण नकाशा आमच्या हाती आला. बेनेडिक्ट डु बुले यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ‘कल्पित यंत्र’ ही संकल्पना येथे कामी येते: भाषेतल्या ओळी ज्यावर चालतात असे मानायचे ते सोपे करून मांडलेले यंत्र. प्रोग्रॅम शिकणारा प्रत्येकजण त्याचे चित्र मनात बांधत असतो, आणि ते चुकीचे बांधले गेले की पुढच्या सगळ्या ओळी चुकीच्या वाचल्या जातात.

अनुभवी प्राध्यापक या कामाला बहुधा निरुपयोगी ठरतात, आणि त्यात मी स्वतःलाही धरते. माझ्या पहिल्या मुलाखतींच्या ध्वनिफिती आज ऐकल्या तर लाज वाटते. तिसऱ्या मिनिटाला मी शिकवायला लागलेली असते आणि विद्यार्थी “हो मॅडम, हो मॅडम” म्हणत असतो. तासिका तत्त्वावर शिकवणारी, नुकतीच एम.एस्सी. झालेली, त्याच तालुक्यातून आलेली मुले-मुली हे काम उत्तम करतात. विद्यार्थ्याला त्यांच्यासमोर चुकण्याची भीती वाटत नाही. दुसरे कारण भाषेचे आहे. अट टिकून आहे तोवर त्याच ओळी फेरीफेरीने पुन्हा चालवायला (याला लूप म्हणतात) प्रोग्रॅममध्ये ‘व्हाइल’ हा इंग्रजी शब्द वापरतात, आणि मुले तो मनात ‘जोपर्यंत’ असा करून घेतात. ‘जोपर्यंत पाऊस आहे तोपर्यंत छपराखाली थांब’ असे आपण म्हणतो तेव्हा पाऊस ज्या क्षणी थांबेल त्या क्षणी बाहेर पडायचे असते. संगणक मात्र अट फक्त फेरीच्या सुरुवातीला तपासतो. मधल्या ओळीत अट मोडली तरी फेरी पूर्ण करूनच तो पुन्हा पाहतो. इंग्रजी बोलणारी मुलेही हीच चूक करतात, कारण ‘व्हाइल’चा रोजच्या बोलण्यातला अर्थ तेथेही तसाच आहे, जेफ्री बोनार आणि एलियट सोलोवे यांनी १९८५ मध्ये ते नोंदवले होते. आपल्याकडे तिच्यावर भाषांतराचा आणखी एक थर चढतो, आणि तो थर ज्याला ऐकू येतो असे माणूस आपल्याच गावात सापडते.

मुलाखतीनंतरचे काम प्रस्तावात कोणीच धरत नाही. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरवायला सवयीच्या माणसालाही चार ते सहा तास लागतात, आणि मराठी, इंग्रजी व दखनी (उर्दूची आपल्याकडची बोली) एकाच वाक्यात येत असतील तर त्याहून अधिक. नांदेडच्या एका विद्यार्थ्याने अडकलेल्या प्रोग्रॅमविषयी म्हटले होते, “वो लूप में फँस गया, निकलताइच नै.” उतरवणाऱ्याने ते नीटनेटके करून ‘लूप संपत नाही’ असे लिहिले. अर्थ तोच राहिला असे वाटेल. पण मूळ वाक्यात अडकलेला कोणी एक ‘तो’ आहे. रॉय पी यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले होते की नवशिक्याच्या अनेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: यंत्राच्या आत एक मन दडलेले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे ते त्याला कळते. त्या समजुतीचा जिवंत पुरावा आमच्या हातात आला होता आणि तो शुद्धलेखनात पुसला गेला. तेव्हापासून आमच्याकडे उतरवणाऱ्याला पहिली सूचना एकच असते: सुधारू नका.

उतरवलेल्या मजकुरातील प्रत्येक विधानाला प्रवर्ग, म्हणजे ते कोणत्या प्रकारात मोडते याचा शिक्का, द्यावा लागतो, आणि हे दोघांनी एकमेकांचे न पाहता करायचे असते, कारण एकट्याला आपल्याला हवे तेच दिसू लागते. दोघांचे किती जुळले हे मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा गुणांक वापरतात. समजा शंभर विधानांपैकी ऐंशींवर दोघांचे एकमत झाले. ऐंशी टक्के ऐकायला छान वाटते. पण प्रवर्ग दोनच असतील आणि दोघांनीही ते निम्मे-निम्मे वापरले असतील, तर डोळे झाकून शिक्के मारले तरी पन्नास विधाने जुळलीच असती. उरलेल्या पन्नासांपैकी तीसच खऱ्या अर्थाने जुळली, म्हणून कप्पा निघतो ०.६०. मग जी वीस जुळली नाहीत त्यांवर भांडायला बसायचे. आमच्या गटातील सर्वांत मोलाच्या बैठका या भांडणांच्याच होत्या. आपल्याकडे वयाने लहान असलेल्याने मोठ्याशी वाद घालायचा नाही अशी रीत आहे. ती ज्या गटात टिकून राहते तेथे कप्पा सुरेख येतो आणि संशोधन खोटे होते. म्हणून दोन प्रवर्गकार शक्यतो बरोबरीचे निवडावेत. मार्गदर्शक आणि त्याचाच विद्यार्थी अशी जोडी कधीही करू नये.

साधने बांधणाऱ्या प्रोग्रॅमरविषयी आपला समज बहुधा उलटा असतो. ब्लूजे हे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्याचे साधन १९९९ पासून वापरात आहे. मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इतकी वर्षे सांभाळले, आणि २०१३ पासून ‘ब्लॅकबॉक्स’ नावाने, वापरणाऱ्याची संमती घेऊन आणि नाव वगळून, जगभरातील नवशिक्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या नोंदी जमवून त्या इतर संशोधकांनाही खुल्या केल्या. शोधनिबंधात हे एका परिच्छेदात उरकते. त्यामागे मात्र दरवर्षी बदलणाऱ्या संगणकांवर तेच साधन चालते ठेवणारी माणसे असतात. आपल्याकडे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून साधन बांधून घ्यायचा मोह होतो. आम्ही तो केला होता. मुलाने साधन छान बांधले, मे महिन्यात तो पुण्याला नोकरीला गेला आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला; जूनमध्ये नवी बॅच आली तेव्हा आमच्याकडे काहीच नव्हते. कायमचा प्रोग्रॅमर परवडत नसेल तर साधन बांधूच नये. कागदावर काम करावे.

कागदावरच्या कामाला कमी लेखू नये. न्यूझीलंडमधील ओटागो पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये एक साधी रीत मांडली: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावायच्या. आज जगभर ‘पार्सन्स प्रॉब्लेम’ या नावाने त्यावर शोधनिबंध लिहिले जातात. मूळ कल्पना वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसांची होती, हे मला महत्त्वाचे वाटते. भारनियमनाच्या दिवसांत मी प्रोग्रॅमच्या चिठ्ठ्या कात्रीने कापून, रबर बँड लावून वर्गात वाटत असे. वीज नसताना प्रॅक्टिकलची बॅच बाकांवर चालायची आणि कोणत्या ओळी कोणी किती वेळा हलवल्या हे शेजारी बसलेले माणूस टिपून घ्यायचे. म्हणून ‘सहभागी शिक्षक’ हा रकाना स्वतंत्र ठेवावा, आणि वर्ग उपलब्ध करून दिल्याबद्दल आभार मानण्यापुरता तो नसावा. प्रश्न ठरवण्याच्या बैठकीपासून तो शिक्षक हजर असावा.

वर्गात बसून निरीक्षण करणारेही लागतात. आयआयटी मुंबईत प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात ‘आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सर्वांसमोर मांडा’ या रीतीचा अभ्यास अदिती कोठियाल, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा आकडा वर्गात बसून, विद्यार्थी काय करताहेत हे पाहत नोंदी केल्यामुळे मिळाला. प्रश्नावली वाटून ‘तुम्ही गुंतलेले होता काय?’ असे विचारले असते, तर आपली मुले भिडेखातर सगळीकडे ‘हो’ लिहून मोकळी झाली असती.

एक माणूस असे आहे ज्याचे नाव मी परदेशी प्रयोगशाळांच्या संकेतस्थळांवर ‘समन्वयक’ म्हणून पाहते, आणि आपल्याकडे ते प्रयोगशाळा सहायकाच्या रूपात आधीपासूनच हजर असते. कोणत्या मुलीची एसटी किती वाजता आहे, कोणाचा भाऊ घ्यायला येतो, कोण संध्याकाळी दुकानात बसतो हे त्यालाच ठाऊक असते. आम्ही मुलाखती दुपारी चारनंतर ठेवल्या, तेव्हा आमच्या पाहणीत फक्त शहरात राहणारी मुले आली. गावाकडची सगळी गाडी पकडायला निघून गेली. सहायकाने हे बोलून दाखवेपर्यंत आम्हा पीएचडीवाल्यांच्या ते लक्षात आले नव्हते. याहून गंभीर प्रकार ऊसतोडीचा. पहिली चाचणी ऑगस्टमध्ये आणि दुसरी डिसेंबरमध्ये घेतली, तर मधल्या काळात ज्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यांकडे गेले, त्यांच्यापैकी काही मुले भावंडे आणि घर सांभाळायला मागे राहतात आणि वर्गातून गळतात. ही मुले सरासरीतून गेली की उरलेल्यांचे गुण वाढलेले दिसतात आणि आपण समजतो, नवी अध्यापनरीत यशस्वी झाली. संख्याशास्त्रज्ञ गळती मोजून देईल. ती कोणाची आणि का झाली हे त्याला सहायकच सांगू शकतो. संख्याशास्त्रज्ञाला मात्र माहिती जमवण्याआधी भेटावे. बहुतेक जण नंतर जातात.

संमतीचे काम एका नेमक्या व्यक्तीकडे द्यावे, आणि ती व्यक्ती त्या वर्गाचे अंतर्गत गुण देणारी नसावी. गुण देणाऱ्या सरांनी “तुझी हरकत नाही ना?” असे विचारल्यावर कोणता विद्यार्थी ‘आहे’ म्हणेल? प्रथम वर्षाची पुष्कळ मुले अठराच्या आतली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. संमतिपत्र सोप्या मराठीत, आणि उर्दू माध्यमाची मुले असतील तर उर्दूतही असावे.

पीएचडीचे विद्यार्थी हा अशा प्रयोगशाळेचा कणा असतो, पण आपल्याकडे त्यांची वाट अरुंद आहे. हा विषय संगणकशास्त्राचा की शिक्षणशास्त्राचा, यावर मान्यता देणाऱ्या समित्या अडतात. मला एका समितीपुढे विचारण्यात आले होते, “यात अल्गोरिदम कोठे आहे?” आणि दुसऱ्या ठिकाणी, “तुमच्याकडे एम.एड. आहे का?” म्हणून दोन्ही विद्याशाखांतील प्रत्येकी एक मार्गदर्शक सुरुवातीलाच लेखी ठरवून ठेवावा; विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचे असो वा नांदेडचे, विद्यार्थ्याचे एखादे वर्ष त्यामुळे वाचते.

तर आपल्या रकान्यात मी पुढीलप्रमाणे लिहिले असते. दोन संशोधन सहायक, दोघेही परिसरातील आणि त्यांतील किमान एक दखनी समजणारा, नेमणूक सत्रापुरती न करता सलग दोन वर्षांची. तासिका तत्त्वावरील माणूस मार्चमध्ये सुटले की त्याच्याबरोबर मुलाखत घेण्याचे कसबही जाते. शिक्षणशास्त्रातील एक सहसंशोधक. तीन महाविद्यालयांतील प्रत्येकी एक सहभागी शिक्षक, ज्याचा आठवड्यातील किमान एक तास या कामासाठी त्याच्या कार्यभारातून मोकळा केलेला असेल. सध्याचे प्रयोगशाळा सहायक, समन्वयक या नावाने आणि वेगळ्या मानधनासह. संख्याशास्त्रज्ञ काही दिवसांपुरता सल्लागार म्हणून पुरेल. पैसे कमी पडल्यास सर्व्हर आणि वीस संगणक काढून टाकावेत, पाच ठेवावेत, आणि दोन चांगले ध्वनिमुद्रक घ्यावेत.

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी: शोधनिबंधावर कोणाचे नाव येईल. सहा-सहा तास बसून बोलणे उतरवणारी मुलगी, चिठ्ठ्या कापणारा शिक्षक आणि गळतीचे कारण ओळखणारा सहायक यांनी निष्कर्षात भर घातली असेल, तर त्यांची नावे लेखकांत हवीत. हा प्रश्न पहिला निबंध पाठवण्याच्या आदल्या रात्री काढला, तर त्या वेळी खोलीत फक्त प्राध्यापकच असतात.